साइट इंजिनिअर ते प्रोजेक्ट मॅनेजर: मधल्या वर्षांत नेमकं काय शिकायचं

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी झाली की पहिली नोकरी बहुतेकांना साइटवरच मिळते. तिथून आठ-दहा वर्षांत काही जण अख्खा प्रकल्प सांभाळायला लागतात आणि काही जण त्याच पदावर साइट बदलत राहतात. दोघंही सारखेच राबतात. पण पहिल्या गटातला स्लॅब भरून घेता घेता त्याचं मोजमाप, बिल आणि वेळापत्रक आपल्या हातात घेतो, तर दुसरा ते ऑफिसवर सोपवून मोकळा होतो. पुढचा सगळा मजकूर या एका फरकाभोवती आहे आणि तो मुख्यतः महाराष्ट्रातल्या इमारतींच्या कामावर बेतलेला आहे. रस्ते, पूल, मेट्रोकडे वळणाऱ्यांनाही यातला बिलाचा आणि कराराचा भाग तसाच लागू पडतो.

पहिली नोकरी निवडताना

कंपनीच्या नावापेक्षा साइटचा टप्पा बघा. खोदाई किंवा पायाच्या टप्प्यावरची साइट मिळाली तर दोन-तीन वर्षांत पाया, आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट), वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, फिनिशिंग आणि भोगवटा प्रमाणपत्र असा पूर्ण फेरा एकाच ठिकाणी बघायला मिळतो. फिनिशिंगच्या टप्प्यावर रुजू झालात तर टाइल्स आणि रंगकाम शिकाल, पण कॉलम कसा उभा राहतो हे कळायला पुढची नोकरी उजाडेल.

मोठ्या कंपनीत एका माणसाला एकच काम मिळतं: कोणी फक्त क्वालिटी, कोणी फक्त बिलिंग. मध्यम आकाराच्या कंत्राटदाराकडे दोन इंजिनिअर आणि एक सुपरवायझर मिळून सगळं ओढतात. तिथे दमछाक होते, पण सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी तीच जागा चांगली. आणखी एक गोष्ट मुलाखतीतच विचारून घ्या: आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने दिलं जाणारं बिल) साइटवर तयार होतं की हेड ऑफिसला? साइटवर होत असेल तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या. कुठेच लागलं नाही तर केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतून वर्षभराची उमेदवारी मिळते, ती कमी लेखू नका.

पहिलं वर्ष: एक स्लॅब नीट भरायला शिका

आरसीसीचं जवळपास सगळं शिक्षण एका स्लॅबमध्ये येतं. समजा 110 चौरस मीटरचा, 125 मिलिमीटर जाडीचा स्लॅब आहे आणि त्याखाली 230 बाय 450 चे एकूण 80 मीटर बीम आहेत. काँक्रीट किती मागवायचं? स्लॅबचं 110 गुणिले 0.125, म्हणजे 13.75 घनमीटर. बीमची पूर्ण 450 खोली धरायची नाही, कारण वरचे 125 स्लॅबमध्ये मोजून झाले आहेत. उरलेली खोली 325, म्हणून 80 गुणिले 0.23 गुणिले 0.325, म्हणजे जवळपास 6. एकूण पावणेवीस घनमीटर. नवीन इंजिनिअर इथे पूर्ण खोली धरतो आणि सव्वादोन घनमीटर माल जास्त मागवतो. मग तो माल रॅम्पवर नाहीतर शेजारच्या प्लॉटवर ओतला जातो आणि त्याचे पैसे कोणाच्याच बिलात बसत नाहीत.

प्लांटमधून तयार काँक्रीटच्या, सहा घनमीटरच्या तीन गाड्या आधी मागवा. तिसरी अर्धी रिकामी झाली की उरलेला भाग टेपने मोजा आणि शेवटच्या गाडीचा नेमका आकडा तेव्हा प्लांटला कळवा. गाडी आली की स्लिपवरची लोडिंगची वेळ बघा. आयएस 4926 या भारतीय मानकाप्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असतो. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीचा माल घट्ट झाला की ड्रायव्हर नाहीतर मुकादम त्यात पाणी सोडायला बघतो. स्लम्प (मालाचा पातळपणा) वाढतो, काम सोपं होतं आणि 28 दिवसांनी क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा, चाचणीत नापास होतो. पाणी नाही म्हणजे नाही. अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) लागलं तर प्लांटच्या माणसानेच मोजून घालायचं.

क्यूब किती घ्यायचे याचं कोष्टक आयएस 456 मध्ये आहे: 1 ते 5 घनमीटरला एक नमुना, 6 ते 15 ला दोन, 16 ते 30 ला तीन, 31 ते 50 ला चार आणि त्यापुढे दर 50 घनमीटरला आणखी एक. एक नमुना म्हणजे तीन क्यूब. आपल्या स्लॅबला तीन नमुने, म्हणजे 28 दिवसांसाठी नऊ क्यूब, शिवाय 7 दिवसांचा अंदाज घ्यायला तीन जास्तीचे. नमुने वेगवेगळ्या गाड्यांमधून घ्या. पहिल्याच गाडीतून नऊच्या नऊ भरून ठेवण्याची सवय सर्रास दिसते, आणि मग शंका आली तर बाकीच्या गाड्यांबद्दल सांगण्यासारखं हातात काहीच नसतं.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी खालून वर या क्रमाने तपासा. आधी टेकू: ओळंब्यात आहेत का आणि कशावर उभे आहेत? तळमजल्यावर परवा भरलेल्या मातीवर टेकू उभे केले तर रात्रीच्या पाण्याने माती बसते आणि स्लॅबला पोट येतं. खाली जाड फळी किंवा पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट) हवं. मग शटरिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्याचे) सांधे आणि लेव्हल. मग सळई: ड्रॉइंगमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर स्लॅबला 20, बीमला 25 आणि कॉलमला 40 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई आणि साच्यात अंतर ठेवणारे ठोकळे), वरच्या जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या पुरेशा चेअर, रिंगांचे हुक 135 अंशांत वळवलेले. 90 अंशांचा हुक बांधायला सोपा म्हणून फिटर तोच वळवतो, पण भूकंपात तो उघडतो. शेवटी इलेक्ट्रिकच्या पाइपांचा एकाच जागी गठ्ठा झालाय का आणि बाथरूमचा सनक (खाली घेतलेला स्लॅब) बरोबर आहे का ते बघा. दोन व्हायब्रेटर चालू आणि एक राखीव ठेवा. बीम-कॉलमच्या जोडावर सळई दाट असेल तर 20 मिलिमीटरची खडी तिथे अडकते, खाली पोकळी राहते आणि शटर काढल्यावर हनीकोंब दिसतं. अशा जोडांसाठी बारीक खडीचं मिक्स आधीच मंजूर करून घ्यायचं असतं, स्लॅबच्या दिवशी सकाळी नाही.

शटर कधी काढायचं यावरून मुकादमाशी हमखास वाद होतो, कारण त्याची प्लेट अडकून पडलेली असते. आकडे पाठ ठेवा. कॉलम आणि बीमच्या बाजू 16 ते 24 तास. स्लॅबखालचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या स्पॅनला 7 दिवस, त्यापुढे 14. बीमखालचे टेकू 6 मीटरपर्यंत 14 दिवस, त्यापुढे 21. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे आहेत. पीपीसी हे मिश्र सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅश असेल तर मुदत वाढवावी लागते. क्युरिंगही ओपीसीला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस.

दुसरं-तिसरं वर्ष: मोजमाप आणि बिल

इथे बहुतेक जण थांबतात, कारण दिवसभर उन्हात काम करून संध्याकाळी एक्सेल उघडायचा कंटाळा येतो. तरी उघडा.

सुरुवात सळईच्या तक्त्यापासून, म्हणजे बीबीएसपासून (कोणत्या व्यासाचे, किती लांबीचे, किती बार). मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरला किती किलो ते मिळतं: 8 चं 0.395, 12 चं 0.89, 16 चं 1.58. 16 मिलिमीटरचा 12 मीटरचा बार 18.96 किलोचा. साइटवर 200 बार उतरले तर हिशेबाने 3,792 किलो. वजनकाट्याची पावती काय म्हणते ते बघा. आयएस 1786 मध्ये 10 मिलिमीटरपर्यंत 7 टक्के, 16 पर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 3 टक्के कमी-जास्त चालतं. माल काट्यावरच्या वजनाने विकत घेतला जातो, तर क्लायंट बहुधा ड्रॉइंगमधल्या लांबीवरून काढलेल्या वजनाचे पैसे देतो. बार सतत जड येत असतील तर ज्याची सळई आहे त्याच्या खिशाला हळूहळू भोक पडतं. ही गोष्ट आकड्यांसह मांडणारा ज्युनिअर इंजिनिअर मालकाच्या लक्षात राहतो.

तसंच सिमेंटचं. 12 मिलिमीटर जाडीच्या 1:4 प्लास्टरला 100 चौरस मीटरला साधारण 11 गोण्या लागतात. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये 15 निघाल्या तर चोरीचा संशय घेण्याआधी भिंतीला ओळंबा लावा. वीटकाम वाकडं असलं की गवंडी ते प्लास्टरने भरून काढतो आणि जाडी 18-20 वर जाते. दोष प्लास्टरवाल्याचा नसतो, दोन महिन्यांपूर्वीच्या वीटकामाच्या तपासणीचा असतो. दर महिन्याला सिमेंट, सळई आणि ब्लॉक या तिघांचा असा मेळ घाला: हिशेबाने किती लागायला हवं, प्रत्यक्ष किती गेलं, फरक का.

आरए बिल बनवताना क्रम असा ठेवा: काम झाल्या दिवशीच मोजमाप, त्यावर दोन्ही बाजूंची सही, मग बीओक्यूच्या (कामाच्या बाबी, प्रमाण आणि दरांच्या यादीच्या) बाबीनुसार गोषवारा, मागच्या बिलापर्यंतचं प्रमाण वजा, मग रिटेन्शन (राखून ठेवलेली रक्कम), अ‍ॅडव्हान्स आणि टीडीएसची कपात. पायाचं खोदकाम, पीसीसी, जमिनीत जाणारी सळई ही झाकली जाणारी कामं फोटो आणि सहीशिवाय झाकू देऊ नका, नंतर ती कोणी मान्य करत नाही. लेबर कंत्राटदाराशी भांडण बहुधा वजावटीवरून होतं. आयएस 1200 प्रमाणे प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्या (दारं-खिडक्या) वजा करत नाहीत, अर्धा ते तीन चौरस मीटरला एकाच बाजूची वजावट होते आणि त्याहून मोठ्या दोन्ही बाजूंनी वजा करून कडा वेगळ्या मोजतात. मुकादमाची रीत मात्र निराळी असते. कोणती रीत चालेल ते वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहा.

सार्वजनिक बांधकाम विभागाचं काम करत असाल तर बी-1 म्हणजे टक्केवारीचं टेंडर आणि बी-2 म्हणजे बाबवार दराचं, एवढा फरक पक्का हवा. तिथलं मेजरमेंट बुक शाईने लिहायचं, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही. पान फाडणं हा गंभीर गुन्हा समजला जातो. खासगी कामातही हीच शिस्त पाळली तर नुकसान काही नाही.

वेळापत्रक

प्रायमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर शिका, पण आधी कागदावर एका मजल्याचं चक्र मांडा. कॉलम, शटरिंग, सळई, इलेक्ट्रिक पाइप, तपासणी, काँक्रीट. साध्या शटरिंगवर हे चक्र बारा-पंधरा दिवसांचं, अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर आठवड्याच्या आसपास. यातलं कोणतं काम एक दिवस लांबलं की स्लॅब एक दिवस लांबतो आणि कोणतं दोन दिवस रेंगाळलं तरी चालतं, हे ओळखता आलं की क्रिटिकल पाथ समजला. हे न कळता सॉफ्टवेअरमध्ये हजार ओळींचा कार्यक्रम बनवणारे पुष्कळ भेटतात. तो कार्यक्रम मीटिंगच्या भिंतीवर लागतो आणि साइट आपल्या वाटेने चालते.

मॅनेजर शेवटाकडून मागे मोजतो. भोगवटा प्रमाणपत्र अमुक महिन्यात हवं असेल तर त्याआधी लिफ्ट निरीक्षकांची परवानगी, अग्निशमनाचं फॉर्म ए आणि अंतिम ना-हरकत, वीजजोडणी आणि पाण्याची जोडणी हवी. लिफ्टची ऑर्डर कित्येक महिने आधी द्यावी लागते आणि शाफ्टचं माप त्याआधी पक्कं व्हावं लागतं. इमारत रंगवून उभी आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा वाद सुटलेला नाही म्हणून चार महिने ताबा रखडला, असं चित्र नवीन नाही. 2017 पासून महारेरा लागू झाल्यावर ताब्याची तारीख सार्वजनिक संकेतस्थळावर असते, त्यामुळे उशिराची किंमत विकासकाला थेट मोजावी लागते. वेळापत्रक समजणाऱ्या माणसाची मागणी वाढण्याचं हेही एक कारण.

कॅलेंडरवर मजुरांचे दिवस आधी भरा. होळीला, आणि दिवाळीपासून छठपूजेपर्यंत उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. स्थानिक माणूस पेरणीला जातो. खोदाई आणि पाया जूनच्या आधी जमिनीबाहेर यायला हवा, नाहीतर पावसाळाभर पंप लावून पाणी उपसत बसावं लागतं आणि खड्ड्याच्या कडा ढासळतात. दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांचा छोटा कार्यक्रम काढा आणि प्रत्येक कामासमोर चारच गोष्टी लिहा: ड्रॉइंग आलं का, माल आला का, माणसं आहेत का, आधीचं काम संपलं का. एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं तर ते काम त्या आठवड्यात होणार नाही, कितीही ओरडा.

पैशाची प्रगतीही याच सवयीत बसवा. ठरल्याप्रमाणे आजवर 40 लाखांचं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात 32 लाखांचं झालं आणि खर्च 38 लाख. म्हणजे वेळेत आपण 0.80 वर (32 भागिले 40) आणि खर्चात 0.84 वर (32 भागिले 38) आहोत. मालकासमोर या तीन आकड्यांनी सुरुवात केली की चर्चा कामाची होते.

कागद

ड्रॉइंगचं रजिस्टर ठेवा आणि नवी आवृत्ती आली की जुन्या प्रतीवर लाल रेघ मारून ती साइटवरून काढून घ्या. जुन्या ड्रॉइंगवर कॉलम भरला जाणं ही सगळ्यात महागडी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक आहे. आर्किटेक्टने फोनवर बदल सांगितला तर त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून पाठवा: आज आपण असं सांगितलंत, त्याने खर्चात आणि वेळेत हा फरक पडेल, कृपया कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा पुरावा म्हणून फार लांब जात नाही.

काम थांबलं की अडथळ्यांच्या नोंदवहीत तारीख, कारण आणि किती माणसं रिकामी बसली ते लिहा. मोठ्या प्रकल्पांत फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेचे नमुना करार असतात. त्यात मुदतवाढ किंवा जादा खर्चाचा दावा करायचा असेल तर घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते. दावा कितीही खरा असला तरी नोटीस उशिरा गेली तर तो तिथेच अडकतो. कराराचं पुस्तक स्टोअरच्या कपाटात न ठेवता टेबलावर ठेवा आणि पेमेंट, मुदतवाढ, जादा बाबी, दंड आणि दोषनिवारण ही पाच कलमं तरी रुजू झाल्याच्या महिन्यात वाचा.

माणसं आणि सुरक्षितता

मुकादम तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असतो आणि त्याला काम येतं. त्याला शिकवायला जाऊ नका, त्याचं बिल वेळेवर काढा. ज्याचं मोजमाप तिसऱ्या दिवशी होतं आणि पैसे ठरल्या तारखेला मिळतात, तो रात्री अकराला स्लॅब संपेपर्यंत थांबतो. चुकीचं काम मात्र तोडायलाच लावा, आणि पहिल्यांदा दिसेल तेव्हाच. एकदा सोडलं की पुढच्या मजल्यावर तीच रीत पडते.

सुरक्षिततेत चालढकल करणारा मॅनेजर होऊच नये. मातीत दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर आधार किंवा उतार हवाच. स्लॅबच्या कडेला आणि लिफ्टच्या डक्टला रेलिंग हवं. हार्नेस नुसता घातलेला नको, लाइफलाइनला अडकवलेला हवा. अपघात झाल्यावर पोलीस आधी साइटवरच्या जबाबदार माणसाचं नाव विचारतात, आणि बढतीनंतर ते नाव तुमचं असतं. कामगारांची बांधकाम कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला मदत करा. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला तुमचं काही जात नाही.

पुढचं शिक्षण कधी

दोन-तीन वर्षं साइट केल्यावर. आधी केलंत तर वर्गात शिकवलेला क्लेम आणि कॅश फ्लो डोक्यावरून जातो. पुण्यात बालेवाडीला निकमार आहे, 1983 पासूनची आणि मुख्यतः याच क्षेत्राला वाहिलेली संस्था. फी जड आहे, पण कॅम्पसमधून नोकऱ्या मिळतात. गेट या प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले असतील तर पुण्यातलं सीओईपी, मुंबईतलं व्हीजेटीआय किंवा एखाद्या आयआयटीतलं एम. टेक. कमी खर्चात पडतं. डिप्लोमावाल्यांनी पदवी टाळू नये. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि बऱ्याच कंपन्यांत पदवीशिवाय मॅनेजरची पायरी बंद असते, हे अन्यायाचं असलं तरी खरं आहे.

पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घाईने घेऊ नका. त्याला 35 तासांचं प्रशिक्षण आणि पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमाधारकाला 60 महिन्यांचा. इमारतींच्या स्थानिक कामात त्याला फारसं कोणी विचारत नाही. परदेशी सल्लागार कंपन्या आणि आखाती देशांत मात्र विचारतात. तिकडे जायचं असेल तर पदवीच्या प्रमाणपत्राचं साक्षांकन आधी सुरू करा, ते वेळखाऊ आहे. सौदीत तिथल्या अभियंता परिषदेची नोंदणी लागते आणि कतारमध्ये अभियंत्यांची परीक्षा. अनुभवाच्या पत्रावर पद, कालावधी आणि कामाचं स्वरूप स्पष्ट नसेल तर सगळं तिथे अडतं, म्हणून प्रत्येक नोकरी सोडतानाच पत्र नीट लिहून घ्या.

नोकरी बदलताना

एक प्रकल्प खोदाईपासून ताब्यापर्यंत पूर्ण करून मगच बदला. दर वर्षी उडी मारणाऱ्याचा पगार सुरुवातीला पटापट वाढतो, पण मुलाखतीत "शेवटचं बिल कसं सेटल केलं?" असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण शेवट त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

बायोडेटात "साइट सुपरव्हिजन केले" असं लिहू नका. बांधकाम क्षेत्रफळ किती, मजले किती, महिन्याला जास्तीत जास्त किती घनमीटर काँक्रीट भरलं, स्लॅबचं चक्र किती दिवसांचं होतं आणि तुम्ही ते कितीवर आणलं, सळईची नासाडी किती टक्के, महिन्याचं बिल किती लाखांचं आणि साइटवर सर्वाधिक मजूर किती होते, हे आकडे एका पानावर मांडा. जुन्या कंपनीची ड्रॉइंग किंवा दरपत्रकं दाखवायला नेऊ नका; जाणता माणूस ती बघून तुम्हाला कामावर घेणार नाही, कारण उद्या त्याचीही तुम्ही अशीच दुसरीकडे न्याल. पगाराचं बोलणं झालं की एवढं विचारून घ्या: खरेदीच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) आणि लेबरच्या बिलावर सही कोणाची असेल? तुमची नसेल, तर कार्डावर प्रोजेक्ट मॅनेजर लिहिलेलं असलं तरी काम सिनिअर साइट इंजिनिअरचंच आहे, आणि पगार ठरवताना तसाच विचार करा.